घोट गिळायचा की थुंकायचा

आमच्यात मिठाने कुणी मेलेलं नाही, हे वाक्य या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. जे मेले ते सगळे रागाने मेले. आजी दारात चक्कर येऊन पडली ती रागाने. बाबा त्रेपन्नाव्या वर्षी चवीच्या खोलीतल्या उंच स्टुलावरून खाली आले आणि पुन्हा उठले नाहीत, तेही रागाने. राग नेमका कशाचा आला होता हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की सांगणाऱ्याला राग यायचा, आणि रागाने या घरातली पुरेशी माणसं आधीच नेली होती.

उलट, मीठ माणसाला कसं टिकवतं याचा पुरावा त्या रविवारी सकाळी चवीच्या खोलीत खिडकीपाशी बसून काकडी खात होता. काका, बाबांचे धाकटे भाऊ. ऐंशी ओलांडलेली, दात स्वतःचे. मांडीवर मिठाची वाटी. काकडी मिठात बुडवायची, चावायची, उरलेली पुन्हा बुडवायची. डॉक्टर लोक त्यांचा रक्तदाब मोजत, यंत्रावर संशय घेऊन ते बदलून आणत आणि पुन्हा मोजत. आकडा विशीतल्या खेळाडूचा.

"कधी उघडताय पिंपं?" काका म्हणाले. "मी काय काकडीवरच दिवस काढू?"

"चिमी आली की," ताई म्हणाली. "आकडे तिच्याकडे आहेत."

"आकडे!" स्टुलावर बसलेला दादा हसला. "पिंपात भाजी आहे की आकडे?"

भाज्या खारवण्याचा हा कारखाना आजोबांनी काढला. आजोबांना सगळे थोरले म्हणायचे. काकड्या, कोबी, गाजरं पिंपांत भरायची, वर खारं पाणी सोडायचं, दगडाखाली दाबून ठेवायचं आणि मुरू द्यायचं. एवढं कुणालाही जमेल. कुणालाही जमणार नाही ते म्हणजे कुठलं पिंप तयार झालं, कुठल्याला अजून मीठ हवं, कुठल्याला पाणी, हे सांगणं. त्यासाठी घरातला एक माणूस उंच स्टुलावर बसायचा आणि त्याच्यापुढे प्रत्येक पिंपातली एक पळी यायची. ती प्यायची. नुसती चाखायची नाही, गिळायची. जी चव गिळली नाही ती खोटी, असं थोरल्यांचं म्हणणं होतं. जो थुंकतो तो लोकांना जे विकतो ते स्वतःच्या पोटात घालायला भितो. म्हणून चवीच्या खोलीत नळ होता, टाइल्स होत्या, पंखा होता, पण बेसिन नव्हतं. थोरल्यांनी ते मुद्दाम ठेवलं नव्हतं.

थोरल्यांनंतर बाबा बसले. बाबांनंतर दादा. दादाला एकच मुलगी, चिमी, आणि ती मूत्रपिंडाची डॉक्टर झाली होती. धाकट्या भावाला कोबी आणि पुठ्ठा यांच्यातला फरक किमतीवरून कळायचा, म्हणून त्याला विक्री सांभाळायला दिली होती. राहता राहिली ताई. पिंपं भरणं, पाणी कालवणं, दगड ठेवणं, माणसं सांभाळणं, सगळं तिचं. तिची जीभ अशी की पिंप उन्हाच्या बाजूला होतं की भिंतीच्या, हे तिला एका थेंबात कळायचं. पण थेंबातच. पळी दादाची. दादानंतर स्टूल ताईचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ताईलाच ते सगळ्यांत जास्त माहीत होतं. लहानपणी बाबा जेवायला गेले की ती त्या स्टुलावर चढून बसायची आणि रिकामी पळी तोंडाला लावायची.

मागच्या हंगामाच्या शेवटी दादा पळी हातात घेऊन पिंपावर आपटला. डोळ्यांपुढे काळोख आला म्हणाला. दवाखान्यात दाब मोजला तेव्हा नर्सने त्याला उठून बसू दिलं नाही. गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद सांगितलं. दादाने गोळ्या घेतल्या. काकडीच्या खाऱ्या पाण्याबरोबर.

"काकांना काही होत नाही ते," तो म्हणाला, "आणि मला व्हायचंय? एकाच रक्ताचे आहोत आम्ही."

तेव्हापासून ताईने मनाशी एक गोष्ट धरली होती. दादा येत्या हंगामात त्रेपन्नाचा होणार होता. बाबा गेले त्या वयाचा. तो त्या स्टुलावर बसून मरणार नाही. रडून, हात जोडून, वहिनीकडून सांगवून बघितलं होतं. दादा पिढीजात हट्टी होता, त्याच्यावर पाणी टाकलं तर वरून निथळायचं. शेवटी तिने पैज लावली.

"एकाच रक्ताचे आहोत ना? मग सगळेच करू. हंगाम बंद आहे, भरलेली पिंपं मुरत पडलीत. एक पंधरवडा रोजच्यासारखं खारट खायचं, एक पंधरवडा अळणी. घरातल्या प्रत्येकाचा दाब रोज मोजायचा. अळणीत तुझा होता तिथेच राहिला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. खाली आला तर तू स्टुलावरून उतरायचं."

दादाने काकांकडे बघितलं. काकांनी वाटीकडे बघितलं.

"पंधरा दिवस अळणी?" काका म्हणाले. "या वयात? बरं. पण मी मेलो तर रागाने मेलो असंच सांगा."

काल पैजेचा शेवटचा दिवस होता. आज सकाळी, पैज सुटली म्हणून, काका काकडी घेऊन बसले होते.

*

चिमी मागच्या दाराने आली. धुण्याच्या शेडमध्ये ताई पळ्या उकळत्या पाण्यातून काढत होती.

"आत्या, आत जायच्या आधी एक सांगू?"

"दादाचं सांग."

"बाबाचं तुला वाटलं होतं तसंच. वरचा आकडा विसाहून जास्त उतरला. गोळ्या त्याच, झोप तीच, भांडणं तीच. फक्त मीठ गेलं."

ताईने पळी ठेवली. हात पुसला. मग पुन्हा पळी उचलली, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"आणि काका?"

"काकाआजोबांचा उतरला नाही. चढलाच थोडा. असतात अशी माणसं, फार नाहीत. आपल्याच घरात निघायचं होतं." चिमीने पायाने एक दगड सरकवला. "आत्या, तुझाही उतरला. जवळजवळ बाबाइतकाच."

वाफ वर जात होती. ताईला तिच्याकडे बघण्यासारखं बरंच काही सापडलं.

"मला तर कधी काही झालं नाही," ती म्हणाली.

"तू पळी पीत नाहीस. थेंब घेतेस. मी हिशेब केला, हंगामात बाबा रोज नुसत्या पळ्यांमधून जेवढं मीठ गिळतो तेवढं धडधाकट माणसाने आख्ख्या दिवसात खाऊ नये. वर जेवण वेगळं. तू स्टुलावर बसलीस की दहा वर्षांत बाबाच्या जागी तू असशील." चिमीने आवाज खाली आणला. "पैज बाबाची होती. तुझा आकडा मी आत वाचलाच पाहिजे असं काही नाही."

आतून काकांची काकडी मोडल्याचा आवाज आला.

ताईने पळ्या पुसून एकात एक बसवल्या. चाळीस वर्षं ती या पळ्या दुसऱ्यासाठी पुसत होती.

"प्रत्येकाचा मोजायचा असं मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "चल. आणि वाच."

*

खोलीत आता सगळे होते. दादा स्टुलावर. वहिनी त्याच्या बाजूला, स्टुलाला हात लावून, जणू कुणी ते ओढून नेणार होतं. धाकटा दाराशी उभा राहून फोनवर कुणाला तरी "माल येतोय, येतोय" सांगत होता. भिंतीलगत पहिली बारा पिंपं, झाकणं अजून दाबलेली.

ताईने पळ्या टेबलावर ठेवल्या. वहिनीने त्या मोजल्यासारखं केलं.

"ताई, एक बोलू? राग मानू नका."

"या घरात राग मानून चालत नाही, वहिनी. बोला."

"हे सगळं यांच्या तब्येतीसाठी आहे, की..." वहिनीने हाताने स्टुलाची बैठक थोपटली. "लोक बोलतात. मी नाही बोलत."

"कोण लोक?"

"मी," धाकट्याने फोन खिशात टाकत सांगितलं. "मी बोललो. ताई, तू सरळ म्हण ना, मला बसायचंय. पन्नाशी आली तुझी, बसायचं वय झालं. पण दादाला आजारी पाडून कशाला?"

"मी पाडला आजारी?"

"तसं नाही. पण अळणी खाऊन तो आजारी दिसतो."

"मी आजारी दिसत नाही," दादा म्हणाला. "मला नुसती भूक लागलीय. पंधरा दिवस या बाईने मला गवत घातलं."

"ही बाई म्हणजे कोण?" वहिनी. "मीच शिजवत होते."

"तेच म्हणतोय मी."

ताईला उत्तर देता आलं असतं. बसायचं होतं तिला, खोटं काय त्यात? फक्त दादा जिवंत उतरावा आणि मग बसावं, असं तिने ठरवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे तिला कुणाला समजावून सांगायचं नव्हतं. आणि आता त्यातली एकच उरली होती.

"चिमी, सांग," ती म्हणाली.

"काकाआजोबा आधी," चिमीने सुरुवात केली. "खारट पंधरवड्यात नॉर्मल. अळणीत थोडा जास्त."

काकांनी काकडी वर उचलून खोलीला दाखवली, जसा कुणी निवडणूक जिंकल्यावर हात दाखवतो. "बघा! मीठ काढलं की दाब वाढतो. मी सत्तर वर्षं हेच सांगतोय. लिहून घ्या कुणीतरी."

"संपलं!" दादाने मांडीवर थाप मारली. "एकाच रक्ताचे! उघडा पिंपं."

"थांब, बाबा," चिमी म्हणाली. "तुझा राहिलाय. खारट पंधरवड्यात तुझा गोळ्या घेऊनही वर. अळणीत विसाहून जास्त उतरला. त्याच गोळ्यांवर."

दादाचे पाय हलायचे थांबले.

"यंत्र बिघडलं असेल," धाकटा म्हणाला.

"यंत्र एकच होतं. काकाआजोबांना लावलं तेच."

ही अडचण होती. काकांचा आकडा मानायचा तर यंत्र मानावं लागत होतं, आणि यंत्र मानलं की दादाचा आकडा आलाच. धाकट्याने दोन्ही बाजूंनी विचार करून पुन्हा फोन काढला.

"पण एकाच घरातलं, एकाच पंगतीतलं, एकच मीठ," दादा म्हणाला. आवाज त्याचा होता, पण त्यातला मालक कुठेतरी गेला होता. "त्यांना लागत नाही आणि मला लागतं, हे कसं?"

"मीठ एक आहे. मूत्रपिंडं वेगळी." चिमीने टेबलाच्या कडेला टेकून सांगायला घेतलं, पेशंटला सांगावं तसं, घाई न करता. "खाल्लेलं मीठ रक्तात येतं. मूत्रपिंडं त्यातलं जास्तीचं बाहेर टाकतात. पण टाकता टाकता काही परत ओढून घेतात, उपयोगी पडेल म्हणून. किती टाकायचं आणि किती ओढायचं, हे पुष्कळसं जनुकांवर असतं. काकाआजोबांची मूत्रपिंडं मीठ आलं की दाराबाहेर घालवतात. तुझी धरून ठेवतात. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की दाब चढतो."

"खाल्ल्या मिठाला जागणारं घराणं आपलं," काका म्हणाले. "कुणी एवढं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं."

"मग ते जनुक काढून टाक," दादा म्हणाला. "गोळी दे त्याच्यावर."

"एक नाही, बाबा. पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा थोडा थोडा हात."

"म्हणजे अगदी आपल्यासारखं," काका म्हणाले. "प्रत्येकाचा थोडा थोडा हात आणि दोष कुणाचाच नाही."

"मग थुंकी तपासायची ना!" धाकटा पुन्हा शिरला. "हल्ली थुंकीवरून सगळं सांगतात. आजोबा कुठून आले, नातू कुठे जाणार. महिनाभर आम्हाला कशाला छळलं?"

"तपासता येतं, पण त्यावरून मीठ बाधणार की नाही हे आज तरी कुणी छातीठोक सांगू शकत नाही. एवढ्या जनुकांची बेरीज करायची, त्यात वय, वजन. त्यापेक्षा खाऊन बघणं आणि मोजणं सोपं. आणि थुंकी मागितली असती तर तुम्ही दिली असती? या खोलीत?"

थोरल्यांच्या खोलीत हा शब्दच पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

"घराच्या वाटणीला वकील असतो," चिमी म्हणाली. "या जनुकांच्या वाटणीत कुणी कुणाला विचारलं नाही. थोरल्यांचं काकाआजोबांकडे गेलं असेल. आपल्याकडे बहुतेक तुमच्या आजीचं आलं."

"आजी रागाने गेली," दादा म्हणाला.

"कुणावरच्या?" ताईने विचारलं.

या प्रश्नावर नेहमी यायचा तो राग यायला दादाला या वेळी उशीर झाला.

"आणि बाबा?" ताई पुढे म्हणाली. "मी इथे होते, दादा. तू माल पोचवायला गेला होतास. बाबा रागावलेले नव्हते. काका काहीतरी बोलले आणि बाबा हसत होते. हसता हसता पळी प्यायले, पुढची मागितली आणि उतरले ते तसेच खाली. रागाने गेले हे नंतर ठरलं. जेवणाच्या टेबलावर ठरलं."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांच्या हातातली काकडी मिठाच्या वाटीवर येऊन थांबली होती.

"हसत होता," काका म्हणाले. "मी म्हणालो होतो, तुझ्यापेक्षा माझी जीभ तिखट, मला बसव. तो म्हणाला, तुझी जीभ फक्त तिखट आहे." त्यांनी काकडी वाटीत ठेवली. "चांगलं बोलला होता."

मग त्यांनी वाटी खिडकीत ठेवली आणि दादाकडे वळले.

"तू माझ्याकडे बघून खात होतास काय रे?"

दादाने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

"अरे, मी माझ्या भरवशावर खातो. तू माझ्या भरवशावर कशाला खातोस? उद्या मी विहिरीत उडी मारून वर आलो तर तूही मारशील. मला पोहता येतं."

वहिनीचा हात स्टुलावरून निघाला होता. तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने तो दादाच्या पाठीवर ठेवला, आणि मग तिचं लक्ष ताईकडे गेलं.

"ताई, जिंकलात," ती म्हणाली. यात टोमणा किती आणि हार किती हे तिलाही सांगता आलं नसतं. "बसा."

"चिमी, माझा वाच."

"आत्या..."

"वाच म्हटलं ना."

चिमीने वाचला. खारटात वर, अळणीत खाली. दादापेक्षा जेमतेम दोन आकड्यांचा फरक.



"म्हणजे तुलाही नाही बसता येणार," धाकटा म्हणाला. ही गोष्ट उघड होती, पण उघड गोष्टी मोठ्याने सांगण्यासाठीच घराने त्याला विक्रीत ठेवला होता.

"नाही."

"तुला आधी माहीत होतं?"

"आत येताना कळलं."

"मग वाचायला कशाला लावलंस? गप्प राहिली असतीस तर..." धाकट्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्याला स्वतःचं मघाचं बोलणं आठवलं असावं. तो दारातून आत आला आणि महिन्यात पहिल्यांदा खुर्ची ओढून ताईच्या बाजूला बसला.

दादा मात्र त्याच जागी होता. ताईला वाटलं होतं, आकडे ऐकून तो उतरेल. तो बैठकीच्या कडा धरून बसला होता.

"मी उतरलो, तू बसलीस तर तू मरणार. काका बसले तर..." त्याने काकांकडे बघितलं. "काका, खरं सांगा. तुम्हाला कळतं?"

"मीठ आहे की नाही एवढं कळतं," काका म्हणाले. "आणि नेहमी कमीच वाटतं. थोरल्यांनी मला उगाच नव्हतं बाजूला ठेवलं."

"म्हणजे बसणारं कुणी नाही. मग काय पिंपं बंद करायची? यंत्र आणून बसवायचं?" दादाचा आवाज चढला. "इतकी वर्षं बसलोय मी. माझं सगळं हे एवढंच आहे. मी बसतो. कुणाला तरी गिळावं लागणारच."

"का?" ताई म्हणाली.

"का म्हणजे?"

"गिळावं का लागतं?"

दादा तिच्याकडे बघत राहिला, पाणी ओलं का असतं असं तिने विचारल्यासारखा.

"जी चव गिळली नाही..."

"ती खोटी. माहीत आहे. हे कुणाचं म्हणणं? थोरल्यांचं. त्यांना पचत होतं ते बोलले. चव घशात असते की जिभेवर, दादा? मी आयुष्यभर थेंबावर सांगत आले. एकदा तरी चुकले?"

"थेंब वेगळा. पळीभर तोंडात घोळवल्याशिवाय मुरलंय की नाही कळत नाही."

"घोळव की. कोण नको म्हणतंय?"

"आणि मग?"

ताईने पहिल्या पिंपाचं झाकण उचललं, दगड बाजूला केला, पळी बुडवली. भरलेली पळी तिने पहिल्यांदाच तोंडाला लावली. गाल फुगवून, डोळे मिटून घोळवली. मग तिने डोळे उघडले आणि खोलीत चौफेर बघितलं, आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की तिला थुंकायला जागा नाही.

तिला बोलता येत नव्हतं. तिने हाताने दाखवलं. धाकटा उगाच उभा राहिला. काका म्हणाले, "खिडकीतून टाक," आणि लगेच, "खाली माझी खुर्ची आहे, नको."

वहिनी मागच्या दाराने गेली. धुण्याच्या शेडमध्ये भांडी कोसळल्याचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पळ्या भिजवायचं मोठं घमेलं होतं. ते तिने ताईपुढे धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट.

ताई थुंकली.

छप्पर कोसळलं नाही. थोरल्यांच्या खोलीत एवढं होऊनही पंखा त्याच गतीने फिरत होता.

"मुरलंय," ताई म्हणाली. "भिंतीच्या बाजूचं पिंप आहे, दोन दिवस उशिरा भरलेलं. आणि मीठ जास्त आहे."

"जास्त?" दादा ताडकन म्हणाला. "पाणी मी सांगितलं तसंच कालवलंय. गेल्या वर्षीचंच माप."

"गेल्या वर्षीही जास्त होतं."

"हे बघ, ताई..."

"दादा," धाकटा म्हणाला. तो खाली बघत होता. "दुकानदार दोन वर्षं म्हणतायत. खारट होतंय, खारट होतंय. मी तुला सांगितलं नाही. तू स्टुलावर, तुला कसं सांगायचं?"

दादाने पळीसाठी हात पुढे केला. ताई देईना.

"दे," तो म्हणाला. "पिंप माझं आहे. खारट असेल तर मला कळायला हवं."

तिने दिली. वहिनीने घमेलं त्याच्यापुढे आणलं. दादाने ते नजरेने बाजूला सारलं, पळी तोंडात रिकामी केली आणि घोळवू लागला. पंधरा दिवस ज्या जिभेवर मीठ पडलं नव्हतं, त्या जिभेवर आता ते पडलं होतं. त्याच्या भुवया वर गेल्या. तो पुन्हा घोळवू लागला, सावकाश, एखादा चुकलेला पत्ता दोनदा वाचावा तसा.

खोलीतलं प्रत्येक माणूस त्याच्या घशाकडे बघत होतं. घसा एकदा हलायला झाला. वहिनीचे हात घमेल्यावर पांढरे पडले.

"गिळलंस," ताई शांतपणे म्हणाली, "तर आजपासून पाणी मी कालवणार नाही, पिंपं मी भरणार नाही, आणि तू उताणा पडलास तर तुला उचलायलाही मी येणार नाही. मी हसत गेलेला माणूस एकदा उचललाय."

दादा तिच्याकडे बघत राहिला. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. ते मिठाचं होतं की कशाचं हे विचारायची सोय नव्हती.

मग तो वाकला आणि थुंकला. बराच वेळ थुंकत राहिला, इतक्या वर्षांचं बाकी असल्यासारखा. तोंड पुसून तो सरळ बसला.

"मीठ जास्त आहे," तो म्हणाला.

हे वाक्य त्या स्टुलावरून याआधी कुणी बोललं नव्हतं.

"तेच सांगतेय," ताई म्हणाली.

दादा स्टुलावरून उतरला. पैजेत हरला होता, उतरणं भाग होतं. उतरून त्याने स्टूल पायाने थोडं बाजूला सरकवलं, शेजारी दुसरं एक बसेल एवढं. धाकट्याने काही न बोलता शेडमधून लाकडी खोका आणून तिथे ठेवला.

"चिमे," काका म्हणाले, "थुंकून टाकलं तर मीठ पोटात जात नाही ना?"

"फार थोडं. जेवणातलं मात्र दोघांचंही कमीच ठेवावं लागेल. आणि बाबाच्या गोळ्या पाण्याबरोबर. साध्या पाण्याबरोबर."

"आणि माझं?"

"तुम्ही थोडं कमी केलंत तरी..."

"माझा चढतो," काकांनी समाधानाने सांगितलं आणि खिडकीतली वाटी परत मांडीवर घेतली.

ताई खोक्यावर बसली. खोका बुटका होता, तिथून पिंपाची कड तिच्या डोळ्यांच्या उंचीला आली. दादाने ते पाहिलं, तिला उठवलं आणि स्टुलावर बसवून स्वतः खोक्यावर बसला. वहिनीने घमेलं दोघांच्या मधे ठेवलं.

"दुसरं उघडा," ताई म्हणाली.